बेतणीच्या कागदावरची जनुकं

निबिया लारामेंदीला कुणी टाइपिस्ट म्हटलेलं आवडत नसे, आणि शास्त्रज्ञ म्हटलेलं तर त्याहूनही आवडत नसे. "मी तिथे असते," एवढंच ती सांगायची. खोटं नव्हतं ते. मोन्तेविदेओच्या विद्यापीठात, जनुकांचा अभ्यास करणाऱ्या त्या छोट्याशा विभागात, ती एकतीस वर्षं होती. चार प्रमुख आले नि गेले, इमारत बदलली, हस्तलिखितं जाऊन संगणकाचे पडदे आले. निबिया मात्र खिडकीकडे पाठ करून, काखेत गरम पाण्याचा थर्मास आणि हातात येर्बाचा, म्हणजे तिकडच्या कडू पाल्याच्या चहाचा, भोपळा धरून जागच्या जागी. नव्याने आलेली पोरं आधी तिला शिपाई समजत, मग कारकून समजत, आणि वर्षभराने आपलं गणित अडलं की मुकाट्याने तिच्या खुर्चीशी येऊन उभी राहत.

ती मूळची ताकुआरेम्बोकडची. घरी अकरा गाई होत्या. निबिया नऊ वर्षांची असताना एका उन्हाळ्यात त्या अकराच्या अकरा 'उदासी'ने गेल्या. उदासी हे तिकडे रोगाचंच नाव आहे. गोचीड चावते, जंतू रक्तात शिरतो, गाय मान टाकून एका जागी उभी राहते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी बसते ती उठत नाही. वडिलांना कोडं पडलं ते निराळंच. त्यांची जनावरं दोन वर्षांपूर्वी याच रोगातून उठलेली होती. एकदा उदासीतून उठलेलं जनावर पुन्हा पडत नाही, असं त्यांचे वडील सांगत आणि गावातही सगळे तसंच मानत. मग या पडल्या कशा? "आपलंच काहीतरी चुकलं असणार," असं ते म्हणायचे. दर उन्हाळ्यात म्हणायचे. मरायच्या आदल्या वर्षीही म्हणाले. ऐकणाऱ्यांचे कान किटले, पण त्यांचं मन काही ते सोडेना.

दोघी बहिणी शहरात आल्या. थोरली ओन्दिना शिवणाला बसली, धाकटी टायपिंगला. विद्यापीठातल्या डॉक्टर दार्दो एचेनिकेंना टाइप करणारी हवी होती, आणि काम असं विचित्र की आधीच्या दोघी आठवड्यात पळाल्या होत्या. त्या काळी जनुकातली अक्षरं काळ्या फिल्मवर पट्ट्यापट्ट्यांनी उमटत. डॉक्टर फिल्म उजेडापुढे धरून मोठ्याने वाचायचे, "आ, ते, ते, खे, से, आ", आणि निबिया बडवत राहायची. चारच अक्षरं, दिवसभर. एखाद्याला वेड लागावं असं काम. हिला लागलं नाही. हिला त्यात नाद सापडला.

दुसऱ्या वर्षी एका दुपारी तिने मध्येच हात थांबवला.

"डॉक्टर, हे तुम्ही चुकीचं वाचलंत."

"तू फिल्म पाहिलीयस?"

"नाही. पण हा जंतू कालच्या जंतूपेक्षा निराळा असतो तो दर तिसऱ्या अक्षरात. तुम्ही आत्ता दुसऱ्यात फरक सांगितलात."

डॉक्टरांनी फिल्म पुन्हा पाहिली. चूक होतीच. दुसऱ्या दिवशी त्यांनी संगणकाला आज्ञा कशा लिहायच्या याचं उशीएवढं पुस्तक आणून तिच्या टेबलावर आपटलं. "वाच," म्हणाले. "नाहीतर उद्या तू मला हाकलशील आणि मला कारणही समजणार नाही."

तिला जे कानाने कळलं होतं ते खरं तर साधं आहे. जनुकातली अक्षरं तीन-तीनच्या घासाने वाचली जातात, आणि प्रत्येक घासातून प्रथिनाच्या माळेतला एक मणी ठरतो. पहिली दोन अक्षरं बोलकी. ती बदलली की मणी बदलतो. तिसरं बहुतेक वेळा मुकं. ते बदललं तरी मणी तोच. जीव आपली नक्कल काढताना चुका करतो, त्यालाच उत्परिवर्तन म्हणायचं, आणि या चुका कुठेही होतात. पण बोलक्या अक्षरातली चूक जिवावर बेतते, तिचा वंश टिकत नाही. मुक्या अक्षरातली चूक कुणाच्या डोळ्यांत येत नाही, ती साचत जाते. म्हणून दोन जंतूंची जनुकं एकाखाली एक ठेवली की फरक दिसतात ते मुक्या अक्षरांत. त्यात शहाणपण नाही, हेतू नाही. छपरातून पाणी गळावं तशी नुसती गळती.

पण उदासीच्या जंतूच्या एक्केचाळीस जनुकांत निबियाला याच्या उलटं दिसलं. तिथे मुकी अक्षरं जवळपास जशीच्या तशी, आणि बदल सगळे बोलक्या अक्षरांत, बहुतेक घासातल्या दुसऱ्या. म्हणजे तिथे नुसती गळती नव्हती. तिथे कुणीतरी बदल निवडत होतं, आणि निवडणारी होती गाय. ही एक्केचाळीस जनुकं जंतूच्या अंगरख्याची होती. गाईचं रक्त एक अंगरखा ओळखायला शिकलं की ज्या जंतूचा अंगरखा वेगळा, तोच वाचणार. डॉक्टरांनी त्यांना नाव दिलं बहुरूपी. शोधनिबंधावर डॉक्टरांचं नाव पहिलं होतं आणि निबियाचं दुसरं, आणि तिने त्या निबंधाची एक प्रत गावी वडिलांच्या थडग्यापाशी नेऊन ठेवली होती, दगडाखाली, पावसाने लगदा होईपर्यंत. हे तिने ओन्दिनालासुद्धा सांगितलं नव्हतं.

आता हे सगळं एकोणीस वर्षं जुनं. डॉक्टर जाऊन सहा वर्षं झाली होती. आणि ऑगस्टातल्या त्या मंगळवारी, अनाई ताबारेसच्या प्रबंधाची जाहीर तपासणी सहा दिवसांवर आलेली असताना, निबियाला ब्राझीलमधून एक पत्र आलं.

अनाई ही विभागातली सर्वांत गुणी मुलगी, सरहद्दीवरच्या रिवेराची. तिने चार वर्षं याच एक्केचाळीस जनुकांवर घालवली होती. प्रबंधाचं पान पहिलं ते पान शेवटचं, सगळं त्या यादीवर उभं. पत्र लिहिणारा जिल्वान पेसान्या होता कांपिनासचा एक संशोधक, आणि लिहिलं होतं इतकं नम्रपणे की वाचताना अंगावर काटा यावा. बाई, आपलं काम मी आदराने वाचत आलो. पण एक गोष्ट ध्यानात आली. बहुरूपी जनुकं एक्केचाळीसच्या एक्केचाळीस जुन्या, हाताने वाचलेल्या फिल्मांतली आहेत. त्या वेळचं आपलं यंत्र अक्षरं शून्यापासून मोजत असे, बाकीची सगळी यंत्रं एकपासून. आपल्या आज्ञावलीत ती एकाची भर घातलेली कुठे दिसत नाही. मी भर घालून पाहिली. सगळे बदल एक घर पुढे सरकतात आणि बहुतेक थेट मुक्या अक्षरांवर जाऊन बसतात. मग बहुरूपी कुणीच उरत नाही. माझं चुकत असेल तर कृपया सांगावं.

हे शून्य-एकाचं दुखणं या धंद्यातल्या माणसांना सर्दीसारखं चिकटलेलं आहे. येर्बा पिणाऱ्याला ते पटकन कळतं. भोपळ्यात पाला भरून पहिलं पाणी ओतलं की तो पहिला भोपळा ओतणाऱ्यानेच प्यायचा असतो, कारण तो गार, कडू जहर आणि भुकटीने भरलेला. त्याला खुळ्याचा भोपळा म्हणतात. मग फेरा सुरू होतो. आता एकूण किती भोपळे झाले ते मोजताना कुणी तो खुळ्याचा धरतो, कुणी धरत नाही, आणि दोघेही आपल्या जागी बरोबर असतात. भांडण लागतं ते दोघांचे हिशेब एकत्र केले की.

निबियाने आपली जुनी आज्ञावली उघडली. पेसान्या खरं बोलत होता. भर घालणारी ओळ नव्हती. जिथे ती असायला हवी तिथे तिनेच लिहून ठेवलेली एक टीप होती: "खुळ्याचा आधीच पिऊन झालाय." म्हणजे एकाची भर आधीच, हाताने, आकड्यांच्या तक्त्यात घातलेली आहे, पुन्हा घालू नका. ते वाचून तिला हायसं वाटलं, पण क्षणभरच. लिहिणारी कोण? तीच. आरोपी कोण? तीच. आपल्याच शब्दाला आपणच साक्षीदार कसं व्हायचं? आणि खरंच भर घातली होती की उद्या घालू म्हणून टीप आधी लिहिली होती, हे तिला छातीवर हात ठेवून सांगता येईना. एकोणीस वर्षांपूर्वीची कुठली दुपार आठवते माणसाला?

खरा पुरावा म्हणजे मूळ अक्षरं. ती ज्या यंत्रात होती त्याची तबकडी इमारत बदलताना बसली ती कायमची, आणि फिल्मा त्याच वेळी फेकल्या गेल्या. निबंधाबरोबर जमा केले होते ते नुसते बदलांच्या जागांचे आकडे. तेव्हा तशीच पद्धत होती. ज्या कळपातून तो जंतू घेतला तो कळपही केव्हाच संपला होता.

बुधवारी तिने पत्र विभागप्रमुखाला दाखवलं. वाशिंग्तोन बिदेगाइन हा मनाने वाईट माणूस नव्हता, फक्त त्याला कुठलीही गोष्ट आज झालेली खपत नसे.

"कुणाकुणाला आलंय हे?" त्याने पहिलं विचारलं.

"मला एकटीला."

"मग झालं तर. सोमवार होऊ दे. परीक्षक येताहेत, एक तर पार पायसान्दूहून येतोय, हॉल ठरलाय. पोरीला पदवी मिळू दे. मंगळवारी तू त्याला सविस्तर उत्तर लिही."

"आणि तो बरोबर असला तर?"

"तर मंगळवारी बरोबर असेल. सोमवारी कशाला?"

"वाशिंग्तोन, झाकली मूठ सव्वा लाखाची हे तू मला सांगू नकोस. मूठ माझी नाहीये, त्या पोरीची आहे."

"तुला पोरीची काळजी की तुझ्या नावाची?"

हा टोला बरोबर बसला. निबिया बाहेर आली आणि जिन्यातच उभी राहिली. नावाची काळजी होतीच. पण नुसतं नाव असतं तर तिने एकवेळ सोडलंही असतं. तिच्या मनात सारखे वडील येत होते. एकोणीस वर्षं ती मनातल्या मनात त्यांना सांगत आली होती की बाबा, तुमचं काही चुकलं नव्हतं, जंतू अंगरखा बदलून आला होता. आता जर अंगरखा नव्हताच, ती फक्त मोजण्यातली एक चूक होती, तर तिने इतकी वर्षं त्या माणसाला थापा मारल्या होत्या. जिन्यात तिला रडू आलं. साफसफाईवाल्या बाईने विचारलं तेव्हा तिने डोळ्यांत धूळ गेली म्हणून सांगितलं, आणि त्या बाईला वाटलं हा आपल्या झाडण्यावर शेरा.

गुरुवारी सकाळी तिने अनाईला बोलावलं, पत्र पुढे ठेवलं आणि ती खुळ्याचा भोपळा पीत बसली. अनाईने ते दोनदा वाचलं.

"हे खरं आहे?"

"माहीत नाही."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं की मी भर घातली होती. पण वाटण्याला कोण विचारतो?"

"तू मला सोमवारनंतर सांगू शकली असतीस," अनाई म्हणाली.

"हो. मग तू उभी राहून जे बोलली असतीस ते मला शेवटच्या रांगेत बसून ऐकावं लागलं असतं. ते मला झेपलं नसतं, पोरी."

अनाई चिडली, खिडकीशी गेली, परत आली. चार वर्षं, म्हणाली. मग आपला भोपळा घ्यायला हात पुढे केला. "ठीक आहे. सोमवारपर्यंत काही सापडलं नाही तर मी उभी राहून हे पत्र वाचून दाखवीन, आणि तपासणी पुढे ढकला म्हणून सांगीन. वाशिंग्तोनला तू सांग, मला त्याचा चेहरा बघवणार नाही." आणि मग अगदी बारीक आवाजात, "तुझ्या बहिणीला पण सांग, ड्रेस शिवू नको म्हणून."

कारण सोमवारसाठी अनाईचा निळा ड्रेस ओन्दिना शिवत होती आणि शनिवारी तो घालून माप बघायचं ठरलं होतं.

ओन्दिनाने ते ऐकूनच घेतलं नाही. सहासष्ट वर्षांची बाई, तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय, आणि ला तेखा वस्तीत तिच्या हातचा कपडा घालून बोहल्यावर न चढलेली मुलगी विरळा. "शिकणं पुढे ढकला नाहीतर मागे ढकला," तिने फोनवरून अनाईला सुनावलं, "कापड घेऊन झालंय. तू शनिवारी यायचंस."

तशी अनाई आली. बाहेर बोचरं वारं होतं. ओन्दिनाच्या शिवणखोलीत रॉकेलची शेगडी पेटलेली, तिच्यावर संत्र्याची साल ठेवलेली, सगळ्या खोलीत तोच वास. निबिया दारात खुर्ची टाकून येर्बा ओतत बसली. एका घरात राहूनही ती या खोलीत वर्षातून दोनदा यायची, तेही आपली पळवलेली कात्री शोधायला. तिला शिवणाचा लहानपणापासून कंटाळा.

निळा ड्रेस टाके मारून तयार होता, पण पाठीत ढगळ झाला होता. ओन्दिनाने भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला बेतणीच्या कागदांचा गठ्ठा उतरवला. कागद जुने, तांबूस पडलेले, कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने मापं लिहिलेली. तिने त्यातला पाठीचा कागद काढला आणि घड्या सरळ करायला खिडकीसमोर उजेडात धरला.

अनाई आरशासमोर हात वर करून उभी होती. ती एकदम म्हणाली, "ओन्दिना, तो कागद खाली नका घेऊ."

"का? झुरळ आहे?"

"त्याच्यावर काय लिहिलंय?"

"माझी मापं. अजून काय?"

"मागे. मागच्या बाजूला."

उजेड कागदातून आरपार येत होता, आणि मापांच्या पेन्सिलीमागून छापील अक्षरांच्या ओळी दिसत होत्या. उलट्या, पुसट, पण ओळखू येण्यासारख्या. आ, ते, ते, खे, से, आ.

निबियाच्या हातून थर्मास पडला नाही एवढंच. ती उठून आली आणि तिने कागद उलटा केला. कडेला भोकांची पट्टी असलेला, जुन्या छपाईयंत्राचा लांबच लांब कागद. वरच्या कोपऱ्यात छापलेलं होतं: फिल्म सात, जनुक एकवीस.

"हे तुझ्याकडे कुठून आलं?" तिने बहिणीला विचारलं.

"कुठून म्हणजे? तूच आणलंस. इमारत बदलताना पोतंभर आणून टाकलंस माझ्यापुढे. म्हणालीस, रुंद आहेत, तुला कापायला होतील. फिकट कापडाला शाई लागते म्हणून मी कोरी बाजू वापरते." ओन्दिनाला शंका आली. "का? चोरीचे होते?"

निबियाच्या डोक्यात इतकी वर्षं पक्कं होतं की ते कागद रद्दीत गेले. रद्दी म्हणूनच तर आणले होते.

तिने तो पाठीचा कागद जमिनीवर पसरला आणि ती नि अनाई त्याच्यावर ओणव्या झाल्या. या छपाईत डॉक्टरांच्या हट्टापायी सगळं एकाखाली एक होतं. पहिल्या जंतूची अक्षरं, त्यांच्या प्रत्येक तीन अक्षरांखाली त्यांतून होणाऱ्या मण्याचं नाव. खाली दुसऱ्या जंतूची अक्षरं आणि त्याचे मणी. आणि जिथे दोघांत फरक तिथे चांदणी. इथे मोजायचं काही कामच नव्हतं. शून्यापासून की एकपासून हा प्रश्नच नाही. चांदणीच्या जागी वरचा मणी आणि खालचा मणी वेगळे असले तर बदल बोलका. सारखेच असले तर मुका, आणि पेसान्या बरोबर.

"वाचायला सुरुवातच चुकीच्या अक्षरापासून केली असेल तर?" अनाईने विचारलं. चांगला प्रश्न होता.

"तर मध्ये मध्ये माळ तिथेच थांबवणारे पूर्णविराम येतील. चुकीच्या जागेपासून वाचलेलं जनुक दहा-वीस घासांत अडखळतं." निबियाने बोट ओळींवरून नेलं, खांद्यापासून कमरेपर्यंत. एकही पूर्णविराम नव्हता. "वाच तू. माझा चष्मा आत आहे." चष्मा तिच्या डोक्यावर होता. तिला स्वतः वाचायचा धीर नव्हता.

अनाईने पहिल्या चांदणीवर बोट ठेवलं. "वर लायसिन. खाली..." ती थांबली. "खाली ग्लुटामिक. वेगळे."

"पुढची."

"वेगळे."

"पुढची."

"वेगळे. निबिया, हेही वेगळे. हेही."

पाठीवर चौदा चांदण्या होत्या. तेरा बोलक्या निघाल्या. निबियाने जमिनीवरच बसकण मारली आणि तिला हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना. ओन्दिना एकीकडून दुसरीकडे बघत राहिली.

"कागद चुरगळला तर मी नवीन कापून देणार नाही," ती म्हणाली. "आणि त्या मुलीला थंडी वाजतेय."

मग त्या दुपारी शिवणखोलीचं जे झालं ते ओन्दिना अजून ऐकवते. खिळ्यावरचे सगळे गठ्ठे खाली आले. बाह्या, गळे, कॉलर, कुण्या मुलीच्या पहिल्या प्रार्थनेचा झगा, कार्निवालच्या चमूसाठी शिवलेल्या तीस फुगीर विजारी. ज्या कागदावर जनुकाचं नाव शाबूत आणि दोन्ही ओळी न कापलेल्या, तो एका बाजूला. एक जनुक अर्धं डाव्या बाहीवर आणि अर्धं उजव्या बाहीवर मिळालं, ते ओन्दिनानेच जोडून दिलं. कुठली बाही कुठल्या कागदातून काढली हे तिला कापाच्या वळणावरून कळत होतं. "हा बीत्रीसचा साखरपुडा," ती म्हणायची, "आणि हा तिच्या आईचा, तिला घेर मोठा लागतो." अंधार पडायच्या आत एकोणीस बहुरूपी जमले.

त्यांपैकी अठरा खरे निघाले. एक निघाला नाही. सदतीस नंबरच्या जनुकात चांदण्यांवर वर-खाली मणी सारखेच होते. निबियाने आपला जुना तक्ता काढून ताडून पाहिला. त्या एकात तिने एकाची भर दोनदा घातली होती.

"खुळ्याचा भोपळा दोनदा प्यायले मी," ती म्हणाली.

"कुणाच्या लक्षात नसतं आलं," अनाई म्हणाली.

"पेसान्याच्या आलं असतं. आज ना उद्या." निबियाने सदतीसवर पेन्सिलीने काट मारली. वाईट वाटलं तिला, पण दुखरा दात निघाल्यावर वाटतं तितपतच. "एक्केचाळीस नाही. फार तर चाळीस. आणि त्यातले बावीस न तपासलेले. तसंच लिहायचं."

रविवारी तिने कांपिनासला उत्तर पाठवलं: कागदांची छायाचित्रं, अठरा जनुकं, आणि सदतीसची कबुली. जिल्वान पेसान्याचं उलट उत्तर तासाभरात आलं. त्याने लिहिलं होतं की त्याला इतका आनंद झालाय की रविवार असून बायकोला उठवून सांगितलं, की चूक कळवू की नको यातच त्याचे तीन आठवडे गेले होते, आणि जनुकाच्या छायाचित्रात दिसणारी बटणाची जागा हा काही नवा संकेत आहे का? वाशिंग्तोन बिदेगाइनला फोन गेला तेव्हा तो म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं, सगळं ठीक होईल?" त्याने असं काहीही म्हटलं नव्हतं. निबियाने तेही सोडून दिलं. त्या दिवशी ती कुणाचंही काहीही सोडून द्यायला तयार होती.

सोमवारी हॉल भरला होता. ओन्दिना पहिल्यांदाच विद्यापीठात आली होती, आणि शिवण कसं बसलंय ते बघायला आले, असं तिने दारातच सांगून टाकलं. दोघी शेवटच्या रांगेत बसल्या. अनाई निळ्या ड्रेसमध्ये उभी राहिली आणि तिने सुरुवातच पत्राने केली. मग सदतीस सांगितला, मग न तपासलेले बावीस, मग अठरा. पडद्याकडे वळली की तिची पाठ दिसायची, आणि निबियाला त्या निळ्या कापडाखाली चांदण्या दिसायच्या, खांद्यापासून कमरेपर्यंत चौदा.

"आता बसलाय," ओन्दिना पुटपुटली. "कुठे सुरकुती नाही."

शेवटचा प्रश्न पायसान्दूहून आलेल्या परीक्षकाने विचारला. म्हातारा जनावरांचा डॉक्टर होता, उभं आयुष्य गोठ्यांत गेलेला. "गणित मला फारसं कळलेलं नाही," तो म्हणाला. "मला एक सांग. उदासीतून एकदा उठलेली गाय पुन्हा का पडते?"

"तो जंतू अंगरखा बदलून येतो," अनाई म्हणाली. "गाय जुन्या अंगरख्याला ओळखते. नव्याला नाही."

"मग चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी एखाद्या शेतकऱ्याची जनावरं अशी गेली असतील, तर त्याने काय करायला हवं होतं?"

अनाईने थोडा विचार केला. "काही नाही. त्याच्या हातात काही नव्हतं. त्याची काही चूक नव्हती."

म्हाताऱ्याने मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. टाळ्या सुरू झाल्या. ओन्दिना टाळ्या वाजवत नव्हती. तिने निबियाचा हात घट्ट धरला होता आणि ती समोर बघत होती.

"ऐकलंस?" ती म्हणाली. "बाबांची काही चूक नव्हती."

"हो."

"तू इतकी वर्षं इथे बसून हे करत होतीस?"

"हेच."

ओन्दिनाने बाहीतून रुमाल काढला, नाक पुसलं, आणि रुमाल परत बाहीत खोचला. "मग घरी कधी सांगितलं का नाहीस?"

"निबंध छापला तेव्हा बाबांना सांगितलं होतं," निबिया म्हणाली. "तुला आधी नीट तपासून मग सांगणार होते."